गुलाबी मनोऱ्याचा दहावा ठोकळा

मी शाळा सोडली ती दहावीच्या सहामाहीनंतर. नापास झाले म्हणून नाही, भूमितीत तर वर्गात दुसरी आले होते. पण दहा वर्षं मी एकच वाक्य ऐकत होते, "पूर्वी, बस खाली." शेवटी एका दिवशी उभी राहिले ती थेट घरी आले.

मग मेडिकलच्या दुकानात लागले. अकरा दिवस टिकले. गिऱ्हाईकाने गोळ्यांची पट्टी माझ्या अंगावर फेकली, मी त्याच्या अंगावर फेकली. नंतर पार्लर, तीन आठवडे. तिथलं सांगत नाही, त्या बाईंच्या भुवया अजून सारख्या झालेल्या नाहीत.

आमचं घर कळंबोली गावठाणात. वर आम्ही राहतो, खाली मोठी खोली आहे. तिथे आधी दादाचा टेम्पो उभा असायचा. दादाचं लग्न झालं, अंकिता वहिनी पनवेलहून आली, टेम्पो रस्त्यावर गेला आणि त्या खोलीत वहिनीने बालघर काढलं. तिने त्याचा कोर्स केलाय, मॉन्टेसरीचा. अडीच ते पाच वर्षांची चौदा पोरं. त्यात तिची स्वतःची मालू पण, साडेतीन वर्षांची.

मी घरात फेऱ्या मारत होते तेव्हा वहिनी एकदा म्हणाली, "तू खाली ये माझ्याबरोबर."

"मला पोरं सांभाळायला आवडत नाही."

"सांभाळायची नाहीतच. आणि तिथे फेऱ्या मारल्या तर कोणी बस खाली म्हणत नाही."

गेले. पहिल्या दिवशी वाटलं, वहिनीला कोणीतरी फसवलंय. ना बाकं, ना फळा. एक पोरगी टेबल पुसतेय, पुसलेलं परत पुसतेय. एक पोरगा काचेच्या जगमधून काचेच्या पेल्यात पाणी ओततोय. काचेच्या! तिसरा नुसता चालतोय, जमिनीवर आखलेल्या रेघेवर, हातात घंटी घेऊन, ती वाजू न देता. आणि वहिनी या सगळ्याला म्हणते ‘काम’. "त्याचं काम चाललंय, मध्ये बोलू नकोस."

माझी आजी, गोदूबाई, दारातल्या ओट्यावर बसून हे सगळं बघते. मांडीवर तिची पानाची चंची. आल्यागेल्याला ऐकवते, "आमच्या नातसुनंनं मोटी शाला काडलीय. चार वर्साच्या पोरांकडनं फरशी पुसून घेते. आनि आया कश्या बग, पोरं आनून सोडतान, वर थँक्यू पन म्हंतान!"

वहिनीचे नियम मात्र लय. खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाला हाक मारायची नाही, चालत जायचं, गुडघ्यावर बसायचं, हळू बोलायचं. पोराचं चुकलं तर लगेच दुरुस्त करायचं नाही. शाब्बास म्हणायचं नाही. चपला दारात रंगवलेल्या पावलांवर नीट ठेवायच्या. हा शेवटचा नियम पोरं पाळतात, मला जमत नाही. मी आत येते तेव्हा माझी एक चप्पल दारात असते, दुसरी आजीच्या ओट्याखाली.

"दुरुस्त करायचं नाही, शाब्बास म्हणायचं नाही, मग मी करू काय?" मी विचारलं.

"बघ." वहिनीने एक वही दिली. "रोज एक मूल निवड. वीस मिनिटं बघ आणि लिही. जे दिसेल ते लिहायचं, तुला काय वाटतं ते नाही."

पहिल्याच दिवशी मी लिहिलं, ‘हृतिक आगाऊ आहे.’

वहिनीने त्यावर रेघ मारली. "हे दिसलं तुला?"

"स्पष्ट दिसलं."

"काय दिसलं?"

"त्याने मितेशच्या हातातून झाडू ओढला."

"मग ते लिही."

हृतिक साडेचार वर्षांचा. काळासावळा, कपाळावर केसांचं छप्पर. त्याचे पप्पा ट्रेलर चालवतात, लोखंडाची कॉईल घेऊन कुठे कुठे जातात. आई निशा, तिघं स्टील मार्केटच्या मागे सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहतात. पोरगा पहिल्या महिन्यात सगळ्यांना ढकलायचा. मितेशला तर दोनदा पाडलं. मितेशची मम्मी म्हणजे प्राची मॅडम, नव्या टॉवरमधल्या. त्या रोज संध्याकाळी व्हॉट्सॅपवर वहिनीला एक मेसेज टाकायच्या, खाली हात जोडलेले.

मग हृतिकला गुलाबी मनोरा सापडला.

मनोरा म्हणजे दहा लाकडी ठोकळे, सगळे गुलाबी. सगळ्यात मोठा वहिनीच्या वीतभर हातात कसाबसा मावतो, मग एकेक लहान होत जातो आणि दहावा बोटाच्या पेराएवढा. मोठ्यावर लहान, लहानावर त्याहून लहान, असा उभा करायचा. एवढंच. पण खोलीत मनोरा एकच, त्यामुळे दुसऱ्याचं होईपर्यंत थांबायचं. आणि ठोकळे एकदम आणायचे नाहीत. फळीपाशी जायचं, एक उचलायचा, दोन्ही हातांनी धरायचा, चटईवर आणून ठेवायचा, परत जायचं. दहा ठोकळे, दहा फेऱ्या. परत ठेवताना पुन्हा दहा.

मला वाटलं, हे कोण करेल? मी असते तर चटईच फळीपाशी नेली असती.

हृतिक रोज करायचा. आल्या आल्या मनोरा. मी त्याच्यावर पाच दिवस वही लिहिली. ‘दहाव्या फेरीला तो जीभ बाहेर काढतो.’ ‘लहान ठोकळा दोन बोटांत धरतो आणि श्वास घेत नाही.’ ‘मितेश जवळून गेला, हृतिकने ढकललं नाही, मनोऱ्याला हात आडवा लावला.’ पोरगा मला आवडायला लागला होता, पण ते वहीत लिहायला परवानगी नव्हती.

हे सगळं मंगळवारपर्यंत.

मंगळवारी घरी जायच्या वेळी फळी लावताना मी ठोकळे मोजले. नऊ. परत मोजले. नऊ. दहावा नव्हता.

मी चटया झटकल्या. फळ्यांखाली काठी घातली. झाडूची सुपली पाहिली, कचऱ्याची पिशवी उलटी केली. मालू माझ्या मागे मागे फिरत होती. "आत्तू, काय शोधतेस?"

"गप गं, मध्ये येऊ नको," मी म्हटलं.

बाहेर गेटवर आया जमल्या होत्या. पोरं चपला घालत होती. आणि हृतिक त्याच्या आईपाशी उभा होता, उजवी मूठ घट्ट बंद.

मला आठवलं, सकाळी मनोरा शेवटचा त्यानेच केला होता.

पुढचं सगळं अर्ध्या मिनिटात झालं. मी खोलीच्या त्या टोकाकडून ओरडले, "हृतिक! मूठ उघड!"

त्याने मूठ पाठीमागे नेली.

मी गेटवर पोचले. "दे तो ठोकळा. दे म्हणते ना! चोरलास ना तू?"

गेटवर दहा-बारा बायका, सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. प्राची मॅडम मितेशला जवळ ओढून म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. कुठून कुठून येतात मुलं."

निशाने माझ्याकडे बघितलंही नाही. ती खाली बसली, पोराचा हात पुढे घेतला आणि एकेक बोट हळूहळू सोडवलं. तळहातावर एक नट होता. लोखंडी, झिजलेला, तेलकट.

"ह्याच्या पप्पाच्या गाडीचा हाय," ती म्हणाली. "ते लांबच्या फेरीला गेले की हा धरून ठेवतो. आले की देतो त्येंना परत." मग तिने वर बघितलं. "दुसरी मूठ पन उघडू? का खिसे बघतीस? चड्डी काढू त्याची, हितंच?"

मला काही बोलता येईना. मला! जिला आई म्हणते, हिच्या तोंडाला बूच नाही.

हृतिक रडला नाही. नट परत मुठीत घेतला, चपला घातल्या आणि आईचं बोट धरून निघाला. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही त्याने.

वहिनी मला ओरडेल म्हणून मी तयारीत होते. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला पण ओरडता आलं असतं. तिने नऊ ठोकळे उचलले आणि कपाटात ठेवले. "अर्धवट साहित्य फळीवर ठेवत नाही," एवढंच म्हणाली. मग वही माझ्यापुढे सरकवली. "लिही."

"काय लिहू?"

"दिसलं ते."

मी लिहिलं. ‘हृतिकची मूठ बंद होती. मूठ उघडली. आत नट होता.’ तीन ओळी. बाकी जे मी गेटवर बोलले त्यातलं काहीच मला दिसलेलं नव्हतं.

बुधवारी हृतिक आला नाही. गुरुवारी नाही. वहिनीने तीनदा फोन केला, निशाने उचलला नाही. मनोऱ्याची जागा फळीवर रिकामी. पोरं यायची, रिकाम्या जागेकडे बघायची, मग माझ्याकडे. मितेश म्हणाला, "पूर्वीताई, हृतिकला पोलिसांनी नेलं का?"

"कोण म्हणालं?"

"मम्मी फोनवर हसत हसत सांगत होती."

तेव्हा डोक्यात आलं, जो पोरगा रोज मनोऱ्यासाठी धावत येतो, तो त्याचा शेवटचा ठोकळा घरी का नेईल? घरी एकट्या ठोकळ्याचं तो करणार काय? एवढं साधं. पाच दिवस बसून बघितलं होतं मी त्याला. सहाव्या दिवशी बघितलं नाही.

शुक्रवारी दुपारी पोरं गेली. मी ओट्यावर बसले होते, आजी शेजारी. तिने चंची उघडली, पानाला चुना लावला, सुपारी काढली, अडकित्त्यात धरली आणि दाबली.

टक्.

"अगो बाय," आजी म्हणाली. पुन्हा दाबली. टक्. "ही कसली गो सुपारी? दगड हाय का काय?"

मी बघितलं. अडकित्त्याच्या दोन पात्यांमध्ये गुलाबी काहीतरी.

"आजी थांब!" मी इतक्या जोरात ओरडले की समोरच्या गिरणीतला पीठवाला बाहेर आला. "दाबू नको! सोड! हात वर कर!"

"चोर हाय का मी, हात वर कराला?"

दहावा ठोकळा. एका कडेला अडकित्त्याची खाच पडलेली, पण सगळा शाबूत.

वहिनी धावत आली. आई वरून उतरली. आजीची साक्ष तिथेच झाली. "मालूनं दिली मना. मंगलवारी. बशीत घालून आनलीन. ‘घ्या ना आजी’ म्हनाली. पावन्याला देतान तशी, दोनी हातांनी. मना डोल्यानी नीट दिसतंय का? म्हनलं सुपारीच आसंल, रंगीत. पोरगी येवढ्या मानानं देते, नाय कशी म्हनू? म्हनलं, ठेवते, मंग खाते."

आता सांगायला हवं. त्या आठवड्यात वहिनीने पोरांना पाहुण्यांना कसं द्यायचं ते शिकवलं होतं. बशीत बडीशेप, दोन्ही हात, समोर जाऊन थांबायचं, ‘घ्या ना’ म्हणायचं, घेईपर्यंत हलायचं नाही. आजी आमची कायमची पाहुणी. पोरं तिला काहीही द्यायची, मणी, पानं, एकदा जिवंत गोगलगाय. आजी सगळं घ्यायची आणि आशीर्वाद द्यायची.

वहिनीने मालूला विचारलं, हळू, गुडघ्यावर बसून. "मालू, आजीला हे तू दिलंस?"

"हो. बडीशेप संपली होती," मालू म्हणाली. मग माझ्याकडे बोट. "मी आत्तूला विचारत होते काय शोधतेस, तर ती म्हणाली गप."

वहिनी पायरीवर बसून इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आई पण हसली. आजी म्हणाली, "दात नायत म्हनून वाचला तुमचा मनोरा." मी पण हसायला गेले आणि मध्येच थांबले. वहिनीचंही हसू गेलं.

"मी जाते त्यांच्याकडे," मी म्हटलं.

"जा. सॉरी म्हण आणि ये. वाद घालू नकोस."

"मनोरा नेऊ?"

साहित्य खोलीबाहेर न्यायचं नाही, हा वहिनीचा सगळ्यात कडक नियम. दादाला एकदा गणपतीच्या सजावटीसाठी दोन चटया हव्या होत्या, दिल्या नाहीत तिने. आता ती कपाटापाशी गेली आणि नऊ ठोकळे काढून माझ्यापुढे ठेवले.

"दहाच्या दहा परत आणायचे."

मी माझं जुनं दप्तर काढलं. त्यात दहा ठोकळे भरले, शाळेची सायकल काढली आणि निघाले. बाजाराच्या रस्त्याला ट्रेलर एकामागे एक उभे, ड्रायव्हर टायरच्या सावलीत झोपलेले. दप्तर पाठीवर खडखडत होतं. दोन वर्षांनी पाठीवर दप्तर, आणि त्यात पुस्तक एक नाही.

बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर निशाचं घर. दार उघडंच होतं. ती तांदूळ निवडत होती. हृतिक कोपऱ्यात, हातात नट.

"काय राहिलंय आता?" ती म्हणाली. बस वगैरे काही नाही.

"ठोकळा सापडला. आमच्या आजीकडे होता. हृतिकने नव्हता घेतला. माझं चुकलं."

"त्याने नव्हता घेतला हे मला म्हाईत होतं. तुझ्या आजीला विचारायची काय गरज?"

"सॉरी."

निशाने ताट खाली ठेवलं. "हितं सॉरी म्हनतीस. हितं कोन ऐकतंय? मी आन् भिंती. चोर म्हनलीस तवा बारा बायका होत्या. तितं बोल की."

मला राग आला. खरं सांगते, यायला नको होता पण आला. एवढ्या उन्हात सायकल मारत आले, सॉरी म्हटलं, अजून काय? तोंडावर आलं होतं. मग वहिनीचं आठवलं आणि गिळलं. "बोलते," मी म्हटलं. "सोमवारी. गेटवर."

"बोलशील तवा बघू. पन हा येनार नाय म्हनतो. विचार त्याला."

मी विचारलं नाही. विचारून पोरं येत नाहीत एवढं मला आता कळत होतं. मी जमिनीवर बसले, दप्तर उघडलं आणि उलटं केलं. दहा ठोकळे खडखड करत फरशीवर पडले.

हृतिक उठून उभा राहिला. डोळे मोठे. चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"असं नाय ओतायचं!"

"मग?"

"एकेक आनायचा! दोन हातांनी!" तो इतका चिडला होता की मला माझीच आठवण झाली. "तू भर परत. सगळे भर."

मी भरले.

"फळी कुठाय?"

"फळी नाही आणली रे. सायकल आहे खाली. दप्तर सायकलवर ठेवू?"

त्याने विचार केला. दारातून खाली वाकून सायकल बघितली. "ठेव. चटई मम्मी देईल."

मी दोन मजले उतरले, दप्तर कॅरिअरवर ठेवलं आणि त्याची चेन उघडून उभी राहिले. हृतिक उतरला, कठड्याला धरून. सगळ्यात मोठा ठोकळा काढला, पोटाशी धरला आणि वर गेला. खाली आला. दुसरा. वर. खाली. तिसरा.

चौथ्या फेरीला पहिल्या मजल्यावरच्या काकू दारात आल्या. "काय रे, सामान हलवताय का?"

"काम चाललंय," हृतिक म्हणाला. थांबला नाही.

पाचव्या फेरीला खालचा इस्त्रीवाला इस्त्री बाजूला ठेवून बघायला लागला. मला म्हणाला, "पिशवीच वर नेली असती तर?"

"बोलू नका मध्ये," मी म्हटलं. आणि हे मीच बोलले का, म्हणून मला हसू आलं.

सातव्या फेरीला तो दमला. पायरीवर बसला. मी खाली उभी. आपण दोन उड्यांत तीन ठोकळे वर टाकून येऊ, म्हणून माझे पाय सळसळत होते. मी सायकलचं हँडल धरून ठेवलं. तो उठला, घाम पुसला, आठवा घेतला. नववा. मग दहाव्यासाठी दप्तरात हात घातला, दोन बोटांत धरून बाहेर काढला आणि थांबला. डोळ्यांजवळ नेला.

"ह्याला काय झालं?"

"आजीने अडकित्त्यात धरला. सुपारी समजून."

"सुपारी?"

"मालूने बशीतून दिला. घ्या ना आजी."

त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. "मग आजीने खाल्ला?"

"खाणार होती. पण टक् आवाज आला. म्हणाली, अगो बाय, दगड हाय का काय?"

तो हसला. आधी नुसता नाकातून, मग पोट धरून, पायरीवर बसून. इस्त्रीवालाही हसला. "अगो बाय," हृतिक म्हणाला. "अगो बाय, दगड हाय!" आणि तसंच म्हणत वर गेला. मी मागे.

चटईवर नऊ उभे होते, सरळ. त्याने जीभ बाहेर काढली, श्वास थांबवला, दहावा ठेवला. निशा ताट बाजूला सारून बघत होती. मी शाब्बास म्हटलं नाही. जीभ चावून धरली होती.

मग परत न्यायचं. पुन्हा एकेक, दहा फेऱ्या. आता बिल्डिंगमधली दोन पोरं कठड्यावर बसून मोजत होती. मोठ्याने. नऊ झाले आणि दहाव्याला हृतिक खाली आलाच नाही.

वर गेले. ठोकळा त्याच्या डाव्या मुठीत होता. उजव्या मुठीत नट.

"हा मी आनीन," तो म्हणाला. "सोमवारी."

मला वहिनी डोळ्यांसमोर दिसली. दहाच्या दहा. मी त्या मुठीकडे बघितलं. त्याच पोराची मूठ, तशीच घट्ट. निशा माझ्याकडे बघत होती. मी काय म्हणते याची वाट बघत होती, हे मला स्पष्ट दिसलं. लिहिण्यासारखं दिसलं.

"आण," मी म्हटलं. आणि दप्तराची चेन लावली.

वहिनीने नऊ मोजले आणि डोळे मिटले. "आजीनंतर आता तो?"

"आणेल तो."

"हे दिसलं तुला?"

"नाही," मी म्हटलं. "हे वाटतंय."

शनिवार-रविवार कसे गेले ते मलाच माहीत. आजी म्हणाली, "बस गो खाली जरा, मना भवंड यते." मी अजून चार फेऱ्या मारल्या.

सोमवारी पावणेनऊला मी गेटवर. आया जमल्या. निशा नाही. नऊ वाजले. निशा नाही. मी म्हटलं, ती येवो न येवो, मी बोलणार म्हटलंय. पायरीवर चढले. आवाजाची कमतरता मला कधीच नव्हती.

"सगळ्यांनी ऐका! मंगळवारी मी हृतिकला चोर म्हटलं. ठोकळा आमच्या आजीच्या चंचीत होता. त्याने काही घेतलं नव्हतं. मी न बघता बोलले. चूक माझी आहे."

"चंचीत?" कोणीतरी म्हणालं.

"सुपारी म्हनून ठेवला मी," आजी ओट्यावरून म्हणाली. "कोनाला काय बोलायचं आसंल तं मना बोला."

बायका हसल्या. प्राची मॅडम मोबाइल बघायला लागल्या, बंद होता तो. तेवढ्यात मागून आवाज आला, "काय म्हनलीस? मी आत्ता आले. परत बोल."

निशा. हृतिकचं बोट धरून, श्वास लागलेला. सगळ्या बायका बाजूला झाल्या.

मी परत बोलले. पहिल्या वेळेपेक्षा दुसरी अवघड होती, कारण आता ती समोर होती. सगळं बोलले, आजीची सुपारी धरून. निशाने ऐकून घेतलं, पूर्ण. मग पोराच्या पाठीवर हात ठेवला, "जा."

हृतिक आत आला. माझ्याकडे न बघता. चपला काढल्या, पावलांवर नीट ठेवल्या. वहिनीने नऊ ठोकळे फळीवर मांडून ठेवले होते. तो तिथे गेला, डावी मूठ उघडली आणि खाच पडलेला दहावा ठोकळा त्याच्या जागेवर ठेवला. वहिनी खिडकीकडे तोंड करून उभी होती, तिला शिंक आल्यासारखं झालं होतं.

मग हृतिक वळला. चालत माझ्यापर्यंत आला, ओरडला नाही. मी वाकले. तो माझ्या कानाजवळ हळू बोलला.

"पूर्वीताई, तुझी एक चप्पल आजीच्या ओट्याखाली हाय. उचल."